पपईचं नर झाड

दादरच्या आमच्या सोसायटीत पपईची दोन झाडं होती. एकाला फळं लागायची, दुसऱ्याला नुसती लोंबती फुलं. सेक्रेटरींनी ते बिनकामाचं झाड तोडायला काढलं. मी शाळेत जीवशास्त्र शिकवायचे, म्हणून सांगायला गेले, "अहो, ते नर झाड आहे. त्याचे पराग मिळाले नाहीत तर दुसऱ्यालाही फळ धरणार नाही."

"मॅडम, शाळेतलं शाळेत ठेवा," ते म्हणाले. कमिटीतले बाकीचे पुरुष हसले आणि झाड तुटलं.

पुढे उरलेल्या झाडाची फुलं नुसतीच गळू लागली. तेव्हा या विद्वानांनी मीटिंग घेऊन माळी बदलला. आता रोज सकाळी सगळे माना वर करून फळ शोधत उभे असतात. मला त्यांची कीवही येत नाही.