राई भरलेला हत्ती

कटंगीच्या संध्याले कोणी विचारलं, "काय करतं व बाई?" तर ती "घरीच राह्यतो" असं कधी म्हणत नाही. "लेकरायचे खेळणे विनतो. धुवाचे, आपटाचे, चघळाचे," असं ठासून सांगते.

माहेरी ती क्रोशानं टीव्हीवर टाकायचे रुमाल विणायची. मग टीव्ही भिंतीले जाऊन चिकटला अन् रुमालाले जागाच राह्यली नाही. लग्नानंतर तिची श्रुतिका आठ महिन्यांची होती, तेव्हा बाजारातल्या बाहुलीचा प्लास्टिकचा डोळा उपटून तोंडात घालून बसलती. संध्यानं बोट घालून तो काढला, बाहुली उकिरड्यावर भिरकावली अन् त्याच दिवशी सुती धाग्याचा ससा विणायले घेतला. डोळेही धाग्याचेच. टाके इतके दाट की आगपेटीची काडी आत जाऊ नये. विणून झाला की धुण्याच्या दगडावर आपटायचा, मग तिची सासू रुख्माबाई दोन्ही हातांनी त्याचे कान ओढणार. कान हलला की सगळं उसवायचं.

"एवढा तं मी तुह्या नवऱ्याचा कान नाही ओढला कधी," रुख्माबाई म्हणे.

"म्हनून तं ते असे निंघाले, मामीजी."

बालाघाटात साधनाताईचं लेकरायच्या कपड्यांचं दुकान आहे. तिथं ससे खपले. मग साधनाताई म्हणाली, "संध्या, बैठनेवाला कुछ बनाओ. तुहे ससे आडवे पडून राह्यतात, गिऱ्हाइकाले दिसतच नाही."

हत्ती बसवायचा तर बूड जड पाहिजे. आपल्याकडं लेकरू झालं की त्याच्या डोक्याखाली राईची उशी देतात, डोकं गोल व्हावं म्हणून. रुख्माबाईनं अशा उशा किती शिवल्या त्याची गणती नाही. ती म्हणाली, "राई घाल." संध्यानं मूठभर राई मलमलच्या पोटलीत बांधून हत्तीच्या बुडात घातली. पंच बसतो तसा हत्ती बसला. मे महिना होता. धुतला, तर तासाभरात खडखडीत वाळला. संध्यानं बारा हत्ती विणले अन् "कितीही धुवा" असं सांगून दुकानात पोचते केले.

झडी लागली तेव्हा साधनाताईचा फोन आला.

"संध्या, तुह्या हत्तीले शेपूट मागून होती ना?"

"हौ. काहून?"

"अब नीचे से भी निकल रही है. पंधरा-वीस."

संध्या पहिल्या बसनं बालाघाटले गेली. धूळ बसली म्हणून साधनाताईनं एक हत्ती धुतला होता अन् पावसापायी आतच टांगला होता. चार दिवसांत राई फुगली, पोटली उसवली अन् टाक्यांतून पांढरे कोंब लोंबत होते. संध्याले हसू फुटलं अन् मधातच थांबलं. जिथून कोंब निघाला तिथून दाणाही निघणार. तो लेकराच्या नाकात गेला तर?

"बाकीचे कुठं आहेत?"

"दहा इथं. एक बिकला. परसवाड्याची मंजू घेऊन गेली, सात महिन्याचं लेकरू आहे तिले. पर तू जाऊ नको. बात फैल जाएगी. तिनं धुतलाही नसन अजून."

"सात महिन्याचं लेकरू धुतेच, ताई. लाळेनं," संध्या म्हणाली. "'कितीही धुवा' ह्याच तोंडानं म्हटलं ना? आता ह्याच तोंडानं सांगतो."

मंजूचा फोन लागेना. संध्यानं दहाही हत्ती पिशवीत कोंबले अन् परसवाड्याची बस धरली. बस गावोगाव थांबत होती अन् तिच्या डोळ्यापुढं एकच काळा दाणा होता.

मंजूच्या ओसरीत लेकरू बसलं होतं अन् नेमकं हत्तीचं बूडच चघळत होतं. संध्या चपलेसकट वर चढली अन् हत्ती ओढून घेतला. लेकरानं भोकाड पसरलं.

"कोन व तू?" मंजू आतून धावत आली.

"हा हत्ती विननारी. पहिले लेकराचं तोंड पाहू दे."

तोंडात काही नव्हतं. संध्यानं बुडावर बोट फिरवलं. पोटली फुगून टणक झालती अन् एक टाका सैल पडला होता. आज नाही तर उद्या दाणा बाहेर आला असता. तिनं मंजूले सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.

"न्या मंग," मंजू म्हणाली. "पन त्याच्याबिगर हा झोपत नाही. यालेही संगच घेऊन जा."

"नेतो कायले? जुनं सुती लुगडं आहे का, नरम झालेलं?"

क्रोशा संध्याच्या पिशवीत असतोच. तिनं ओसरीत बसून बूड उसवलं, राई काढली, लुगड्याच्या पट्ट्या गच्च गुंडाळून चपटी चकती केली अन् आत बसवली. बूड रुंद विणलं, मागचे पाय फाकवून टाचले. मग हत्ती बोरिंगखाली धुतला अन् दगडावर चारदा आपटला.

"आता कान ओढ. जोरानं. तुह्याच लेकराचं काम आहे."

मंजूनं दात आवळून ओढला. कान जागचा हलला नाही. हत्ती ओसरीवर ठेवला. जरा डावीकडं कलला, पण बसला. लेकरानं तो ओलाच ओढून तोंडात घातला.

"वाळू तं दे, बाप्पा!" मंजू म्हणाली.

"घालू दे," संध्या म्हणाली. "आता खुशाल घालू दे."

घरी रुख्माबाई ऐकून घेईना. "माह्या उशीले जन्मात कोंब नाही आला!"

"उशी कोनी दगडावर धोपटली का कधी, मामीजी?"

रुख्माबाईनं पेटी उघडली अन् आपलं जुनं लुगडं काढून फाडायले घेतलं.

दहा हत्ती उसवले, नव्यानं भरले. त्यातला एक संध्यानं धुतला अन् भर झडीत घरातच टांगला. आठ दिवस रोज उतरवून दाबून पाहिला, नाकाले लावून वास घेतला. नवव्या दिवशी तो कोरडा ठणठणीत निघाला, तेव्हाच साधनाताईले फोन लावला.

"पाठवतो, ताई. अन् सांगजा गिऱ्हाइकाले, पावसाळ्यातही धुवा."