धिंडीत पेशंटसोबत

तुळशीरामची पल्स माझ्या बोटांखाली थोडी नीट चालायची आणि एकदम अडखळायची. ठाण्याबाहेर डफ वाजायला लागला होता.

निजामाच्या राज्यात कन्नडच्या घाटाकडं एका गावी मी सरकारी डॉक्टर होतो. तुळशीरामवर शेळी चोरल्याचा आळ होता. आमचे अमीनसाहेब, म्हणजे ठाण्याचे फौजदार, बाजारच्या दिवशी त्याची धिंड काढणार होते. अर्धं डोकं भादरून झालं होतं. तोंडाला काजळी फासली होती.

मी स्टेथोस्कोप लावला. हृदयात बारीक झडपा असतात, त्यांना आम्ही व्हॉल्व्ह म्हणतो. रक्त पुढं गेलं की त्या मिटायला हव्यात. याची एक मिटत नव्हती.

"हा अनफिट आहे," मी म्हणालो.

"फटके मारायचे असले तर तुमचा दाखला लागतो, डॉक्टरसाब," अमीन म्हणाले. "इथं कोण मारतंय? नुसतं गाढवावर बसायचंय."

"भीतीनं मरेल तो."

"चोरी करताना नाय मेला!"

तुळशीरामनं माझा हात घट्ट धरला. "डागदरसाब, शेळी म्याच नेली. मला जेलात घाला. पर सुताराच्या आळीतून नका नेऊ. माझी सुंद्रा तिथं दिलीय."

"मग तिथूनच नेऊ," अमीन म्हणाले.

त्यांच्या एका रिपोर्टवर माझी नोकरी जाऊ शकत होती. तरी म्हणालो, "मग मीही सोबत येतो. कस्टडीत माणूस मेला तर औरंगाबादहून चौकशी येईल. आता सांगितलं तेच तिथं सांगेन."

त्यांनी तुळशीरामला गाढवावर बसवायला सांगितलं. मी गाढवाशेजारून, त्याचं मनगट धरून निघालो.

गर्दीत सगळे ओळखीचे होते. कुणाचं गळू मी फोडलं होतं, कुणाचं बाळंतपण केलं होतं. पण तीच माणसं तोंडं वासून ओरडत होती. शेणाचा गोळा माझ्या खांद्यावर बसला. पुढचा दगड असेल असं वाटलं. पळून जावंसं वाटलं. मनगट सोडलं नाही, एवढंच.

सुताराच्या आळीच्या तोंडाशी त्याचे ओठ निळे पडले. पल्स लागेना. मी ओरडलो, "थांबा! हा जातोय!" अमीननं माझ्याकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. डफ थांबवला. आम्ही त्याला खाली घेतलं.

तेवढ्यात गर्दीतून एक बाई घुसली. डफ ऐकून सुंद्रा आधीच बाहेर आली होती. तिनं सगळं पाहिलं होतं. ती खाली बसून पदरानं बापाचं तोंड पुसू लागली.

"ही त्याचीच लेक!" मागून कुणीतरी ओरडलं. सगळे डोळे तिच्याकडं वळले. त्या दिवशी मी सर्वांत जास्त तेव्हा घाबरलो. हातातली बॅग छातीशी धरून दोघांच्या पुढं उभा राहिलो. अमीननं काठी आपटली तेव्हा कुठं लोक पांगले.

तुळशीराम वाचला. कोर्टानं त्याला कैद दिली, ती भोगून तो घरी आला. सुंद्राला मात्र सासरच्यांनी त्याच आठवड्यात माहेरी पाठवलं. मी त्यांच्या घरी जाऊन बोललो. तिला परत नेलं नाही.

आम्ही औषध देतो तेव्हा पेशंट कोण आणि डोस किती, हे आधी ठरवतो. धिंड काढणाऱ्यांना या दोन्हींतलं काहीच ठरवता येत नाही.