पेटी आली का?

नाटक बघण्यासारखं आहे की नाही हे कसं ठरवायचं, याचं शास्त्र अण्णांनी स्वतःपुरतं तयार केलं होतं. वर्तमानपत्रातल्या परीक्षणावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. ते दुपारी नाट्यगृहाच्या मागच्या बाजूला जाऊन उभे राहायचे. तिथे नाटक कंपनीचा टेम्पो लागलेला असायचा. त्यातून आधी पडदे उतरायचे, मग सोफे, मग खोटी झाडं. अण्णा वाट बघायचे ती ऑर्गनची. ऑर्गनला ते पेटीच म्हणत. गोधडीत गुंडाळलेली पेटी चार जणांनी धरून उतरवली की अण्णा थेट खिडकीवर जाऊन तिकीट काढायचे. पेटी नसली तर गाणी आधीच रेकॉर्ड करून आणलेली, म्हणजे ट्रॅकवरची, आणि मग ते लॉजवर जाऊन झोपायचे.

"पेटी आली म्हणजे वाजवणारा आला. वाजवणारा आला म्हणजे कुठेतरी चुकणार. चुकणार असेल तर बघायला जावं," असं ते म्हणत. मला यात फारसं तथ्य वाटत नसे, पण मतं त्यांची होती आणि तिकीटही त्यांचंच.

अण्णा कारखान्यांना ड्रिल आणि टॅप विकायचे. आम्ही धुळ्याचे. महिन्यातून एकदा त्यांची नाशिकची फेरी असे, दोन दिवस सातपूरच्या वर्कशॉपमधून आणि एक दिवस ओझरला. संध्याकाळी मोकळे असत. आमच्या गावी संगीत नाटक फारसं फिरकत नव्हतं, तेव्हा त्यांनी जी बघितली ती बहुतेक फिरतीवर, नाशिकलाच. घरी आले की दुसऱ्या दिवशी पोह्यांच्या बशा समोर ठेवून आईला अख्खं नाटक सांगायचे. आई आधी एकच विचारायची, "पेटी होती का?" मग त्यांचा क्रम ठरलेला असे. पेटीवाला कसा होता, नांदी कशी झाली, कोण बेसूर झालं, मध्यंतरातला वडा कसा होता, आणि सगळ्यात शेवटी नाटकाची गोष्ट. आईने आयुष्यात अशी कितीतरी नाटकं ऐकली. बघितली फारच थोडी. आम्हा भावंडांच्या परीक्षा, सासूची आजारपणं, काही ना काही असायचंच. तिने कधी कुरकुर केल्याचं मला आठवत नाही, पण आम्हीही कधी विचारलं नाही.

अण्णा गेले आणि आईचं बोलणं बंद झालं. तसं म्हणायला ती बोलत होती. "हो", "नको", "ठेव तिथे", "जेवले मी". डॉक्टर म्हणाले, प्रकृती ठणठणीत आहे. तब्येतीचं मलाही दिसत होतं. घरात एक माणूस गेलं होतं आणि दुसरं असून नसल्यासारखं झालं होतं. वर्षश्राद्धासाठी नाशिकला निघालो तेव्हा माझ्या मनात एवढंच होतं की वर्ष संपेल, सुतक-बितक जे काही तिने मनाला लावून घेतलंय ते सुटेल, आणि ती पूर्वीसारखी दोन वाक्यं सलग बोलेल. याहून मोठी अपेक्षा नव्हती.

पंचवटीत आमच्या गुरुजींच्या घरीच वरच्या खोलीत उतरलो. बसस्टँडवरून रिक्षाने येताना मला फलक दिसला होता. नवं कोरं संगीत नाटक, रविवारी संध्याकाळी पाच वाजता, नाशिकमध्ये एकच प्रयोग. आईने फलक पाहिला की नाही कळलं नाही. ती समोर बघत बसली होती. रात्री मी फोनवर लोकांची मतं वाचली. एकाने लिहिलं होतं, डोळ्यांचं पारणं फिटलं. दुसऱ्याने लिहिलं होतं, मध्यंतरात घरी गेलो आणि सुखी झालो. दोघेही खरं बोलत असावेत.

रविवारी सकाळी श्राद्ध झालं. मी उपरणं नीट केलं, पाय मोकळे केले आणि मोठ्या उत्साहाने गुरुजींना म्हणालो, "चला, वर्ष पूर्ण झालं. संध्याकाळी आईला नाटकाला नेईन म्हणतो."

गुरुजी ताम्हण धूत होते. ते थांबले. "आज अब्दपूर्त झालं, साहेब, आदल्या दिवशीचं श्राद्ध. वर्षश्राद्ध उद्या. वर्ष उद्या संपतंय."

दोन दिवसांचं काम आहे हे मला माहीत होतं. पहिल्या दिवशी मुख्य काम आणि दुसऱ्या दिवशी काहीतरी किरकोळ, अशी माझी समजूत. शिकल्यासवरल्या माणसाने आपल्याच घरच्या विधीबद्दल इतकं अडाणी असावं याची मला त्या क्षणी लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो. मी म्हणालो, "एका रात्रीने काय फरक पडतो, गुरुजी?"

"शास्त्राला विचारताय की मला?"

"तुम्हाला."

"मग मला विचारलंच नाही असं समजा," ते म्हणाले आणि पुन्हा ताम्हण घासू लागले.

आई मागे पाटावर बसून होती. वर्षभर तिने नवं लुगडं नेसलं नाही, कुणाच्या लग्नाला गेली नाही, टीव्हीवरचं गाणंसुद्धा लागू दिलं नाही. सांगितलं कुणीच नव्हतं. तिनेच धरलं होतं. अशा बाईला शेवटच्या रात्री नाटकाला चल म्हणायचं तोंड मला नव्हतं. विषय संपला असं मी ठरवलं.

जेवण झाल्यावर आई आडवी झाली. मी चक्कर मारून येतो म्हणून बाहेर पडलो आणि पाय नाट्यगृहाकडेच वळले. बघायचं नाही हे ठरल्यावर बघण्यासारखं आहे का हे बघायला जाण्यात काही अर्थ नव्हता. तरी गेलो. मागच्या बाजूला टेम्पो उभा होता. पडदे उतरले. सोफा उतरला. खोटी झाडं आता प्लॅस्टिकची असतात, ती उतरली. मग बराच वेळ काहीच उतरलं नाही आणि मी अकारण अस्वस्थ झालो. टेम्पोवाला बिडी ओढत होता. त्याला विचारावंसं वाटलं, पण अण्णा कधी विचारत नसत, नुसते उभे राहत. मीही उभा राहिलो. शेवटी आत कुणीतरी ओरडलं, "सांभाळून रे!" आणि चार जण गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी जड उचलून फळीवरून खाली आणू लागले. गोधडी एका बाजूने सरकली होती. खालचे पायडल दिसत होते.

मला अण्णांची इतकी आठवण आली की मी तिथल्या भिंतीला टेकलो.

खोलीवर परतलो तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. आई उठून बसली होती. मी कुठे गेलो होतो हे तिला सांगितलं नव्हतं. मी चपला काढतोय तोच तिने विचारलं,

"पेटी आली का?"

मी मान डोलावली. मग सुचलं ते बोललो, "पण गुरुजी म्हणाले ना, उद्यापर्यंत—"

"ऐकलं मी. बहिरी नाही झाले." ती उठली, पिशवीतून उद्यासाठी आणलेली धुवट साडी काढली. "उद्याला दुसरी आहे. चल. सांगायला काहीतरी हवं."

कुणाला सांगायचं, हे मी विचारलं नाही. शेजारच्या बायकांना सांगायचं असेल असं मी धरून चाललो. खाली गुरुजी ओट्यावर फोनवर बोलत बसले होते. आम्हाला बघून ते भिंतीकडे तोंड करून बोलू लागले.

नाटकाबद्दल लिहायचं तर ते मध्यम होतं. नांदी सुरेख झाली. पेटीवाला म्हातारा होता आणि डोळे मिटून वाजवत होता. नायकाला गाता येत होतं, पण उभं राहता येत नव्हतं. हात कुठे ठेवावेत हे त्याला शेवटपर्यंत सापडलं नाही. नायिकेचा आवाज एका तानेत चिरकला आणि तिने ती तान हसून पुन्हा घेतली, तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसरा अंक उगाच लांबवला होता. माझ्या लेखी प्रवासात वाकडी वाट करून बघावं असं त्यात काही नव्हतं. आई खुर्चीत पुढे सरकून बसली होती, हात मांडीवर, टाळ्या न वाजवता, आणि प्रत्येक गोष्टीकडे अशी बघत होती की जणू घरी जाऊन तिला कुणी प्रश्न विचारणार आहे. मध्यंतरात मी वडे आणले. तिने वडा मधोमध मोडला, आत बघितलं, एक घास खाल्ला आणि बाकीचा मला दिला. नाटक संपल्यावर मी "कसं वाटलं?" विचारलं तर म्हणाली, "बरं होतं." मी मनात म्हटलं, झालं, पुन्हा दोनच शब्द. खरं सांगायचं तर मी पार खट्टू झालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्षश्राद्ध. मी दक्षिणेकडे तोंड करून बसलो होतो, पिंड समोर मांडलेले. सगळं झाल्यावर गुरुजी नेहमीच्या सवयीने म्हणाले, "नमस्कार करा. काकू, तुम्हीही या पुढे. काही सांगायचं असेल तर मनातल्या मनात सांगा."

आई पुढे आली. गुडघ्यावर हात टेकून खाली बसली, पदर सारखा केला. आणि मनातल्या मनात नाही, पोह्यांची बशी समोर असावी तशी, मोकळ्या आवाजात बोलू लागली.

"पेटी होती. म्हातारा होता वाजवणारा, पण हात अजून चांगला आहे. नांदीला तीन पुरुष आणि दोन बायका. बायकांपैकी जाडी होती ती खरी गाणारी. नायिकेचा आवाज फाटला एकदा, पण घाबरली नाही पोरगी, तुम्हाला आवडली असती. वडा गार. आत बटाटा कच्चा. मुलाने खाल्ला बिचाऱ्याने—"

मला रडू फुटलं. ते मी लपवलं नाही, हातात दर्भ होते, लपवता आलंही नसतं. बाहेर ओट्यावर पुढचे यजमान येऊन थांबले होते. गुरुजींनी एकदा दाराकडे बघितलं, एकदा आईकडे, आणि पाट ओढून खाली बसले.

"सावकाश सांगा, काकू," ते म्हणाले.

आईने मान डोलावली. अजून गोष्ट सांगायची राहिली होती.