हॅलोवीनच्या पोरांचा पाहुणचार

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती आणि इंग्लंडमधल्या स्लाऊ गावात आम्ही अगदी नवे होतो, तेव्हाची ही हॅलोवीनची संध्याकाळ. मिस्टर हॉस्पिटलमध्ये ड्यूटीवर, दिवाळी तोंडावर आलेली आणि मी चकल्या तळत होते...

आमची सई तेव्हा सात वर्षांची. वर्गातल्या मैत्रिणींबरोबर 'ट्रिक ऑर ट्रीट' करत हिंडायला मी पाठवलं नाही म्हणून ती तोंड फुगवून बसली होती. दारोदार फिरून खाऊ मागायचा, आपल्यात असलं करत नाहीत, असं म्हणून मी विषय संपवला होता. वर अनोळखी माणसांपासून लांब राहायचं हेही ऐकवून झालं होतं.

बेल वाजली. दारात तीन मुलं... कचऱ्याची काळी पिशवी अंगात घातलेली एक चेटकीण, चादर पांघरलेलं भूत आणि रबरी मुखवट्यातला लांडगा. चेटकीणच त्यांच्यात मोठी, सईपेक्षा जराशी उंच असेल. बाकीची दोघं अगदीच चिमुरडी.

आता, उंबऱ्यावरून देणं-घेणं करायचं नाही, हे माझ्या आईनं माझ्या डोक्यात इतकं पक्कं बसवलंय की पार्सल घेऊन आलेल्या पोस्टमनलाही मी आत बोलवायचे. त्यातून सणासुदीला आलेली पोरं दारातूनच वाटेला लावायची? "कम इन, कम इन," मी म्हटलं. मुलं घुटमळली. मग मी चेटकिणीचा हात धरून तिला आत घेतलं, तिच्यामागून ती दोघं आली आणि हीटिंग बाहेर जातं म्हणून मी दार लावून टाकलं.

बूट काढायला लावले. लांडग्याला खाता येईना म्हणून मुखवटा उतरवला, भुताची चादर खाली लोळत होती ती घडी करून ठेवली. तिघांना सोफ्यावर बसवून लाडू-चकल्यांच्या बशा हातात दिल्या. सईची कळी खुलली होती, आणि मला तर स्वतःचं फारच कौतुक वाटत होतं... कळू दे म्हटलं या इंग्रज पोरांना, पाहुणचार कशाला म्हणतात ते.

तेवढ्यात कुणीतरी दार बडवायला लागलं.

बाहेर एक बाई, कडेवर बाळ, मागे बाबागाडी तशीच फुटपाथवर सोडलेली. ती या मुलांची आई होती. मुलांवर लक्ष ठेवत ती मागून चालत होती, बाळ रडलं म्हणून कोपऱ्यावर थांबली आणि मान वर केली तर रस्त्यावर मुलं नाहीत. एकेक घर ठोठावत ती आमच्यापर्यंत आली होती. "व्हेअर आर माय किड्स?" एवढंच म्हणाली.

मी बाजूला झाले आणि तिला जे दिसलं ते... बंद दारामागे, अनोळखी घरात तिची मुलं नुसत्या मोज्यांवर बसलेली. चादर नाही, मुखवटा नाही, तोंडात काहीतरी. तिनं धाकट्याच्या तोंडात बोट घालून लाडू बाहेर काढला.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. हळू आवाजात तिनं मला विचारलं, तुम्हाला स्वतःची मुलं नाहीत का? मग तिची नजर सईकडे गेली आणि ती खाली वाकून मुलांचे बूट गोळा करायला लागली. समोरच्या घरातले लोक बाहेर येऊन बघत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती गेल्यावर आधी रागच आला. एवढं प्रेमानं खाऊ घातलं, त्याचं हे फळ? लाडवाचा चुरा गोळा करता करता मी सईवर घसरले. अनोळखी घरात जायचं नाही हे त्यांच्या आईनं सांगितलेलं असणारच, तरी ती मुलं आत आलीच कशी, तू गेली असतीस का अशी कुणाकडे?

"गेली असती," सई म्हणाली. "काकू बोलवतात तर नो नाही बोलायचं. तूच बोलली ना, आई."

हो, मीच बोलले होते. काकू एवढं म्हणतायत ना, घे. मावशी पापा मागतेय, दे ना गं, असं काय करतेस... तिला नको असलं तरी. अनोळखी माणूस म्हणजे गाडीतून चॉकलेट दाखवणारा पुरुष, एवढंच मी तिला सांगितलं होतं. हसतमुखानं हात धरून घरात नेणाऱ्या बाईबद्दल चकार शब्द काढला नव्हता. आणि त्या संध्याकाळी तशी बाई मीच होते.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर मी सईला दाराबाहेर उभं केलं. मी आत, अनोळखी काकू. "कम इन, डार्लिंग," हसून म्हटलं. सईनं खाली मान घातली, बूट काढले आणि आत आली. तिला सगळं समजावून पुन्हा बाहेर उभं केलं, तर पुन्हा आली... मी तिला परत बाहेर पाठवलं.

बऱ्याच वेळानं कधीतरी, मी हात धरल्यावर तिनं तो झटकला आणि चांगलं ठणकावून "नो" म्हणाली. आणि खरं सांगते, मला तिचा राग आला. मोठ्यांशी असं बोलतात का, हे अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळून "शाबास" म्हणायला मला जरा वेळ लागला आणि तेवढ्या वेळात पोर घाबरून माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तिच्या त्या बघण्याची लाज मला आदल्या संध्याकाळपेक्षा जास्त वाटते, अजूनही.

त्या आईला पुन्हा तोंड दाखवायचा धीर झाला नाही, म्हणून आभार राहूनच गेले. बाई, तुम्ही दार बडवलंत म्हणून माझी लेक "नो" म्हणायला शिकली, आणि ते ऐकून घ्यायला मी.