चौथ्या मोटरीतला कागद

समजा, विहिरीवरची एक जळकी मोटर तुमच्या पुढ्यात आहे. आतली काळी पडलेली तार तुम्ही उपसून काढलीत. आता लोखंडाच्या प्रत्येक खाचेत आधी जाड कागद बसवायचा आणि त्यावर तांब्याची नवी तार भरायची, वेढ्याला वेढा लावून. तारेवर नखाचा ओरखडासुद्धा उठता कामा नये. बोटं दुखतील, मान धरेल. मध्येच फोन वाजला तर वेढे पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागतील.

कुंडलची क्रांती आठ वर्षं हेच करते आहे. नवरा फौजेत. काम शिकवलं लालासाहेबकाकांनी. तोवर गावात मोटरी भरणारे ते एकटेच होते. काका डावखुरे. त्यांनी उलट्या हाताने दाखवायचं आणि हिने ते सुलटं करून घ्यायचं, असं वर्षभर चाललं. पुढे त्यांनीच तिला रस्त्यापलीकडचा गाळा मिळवून दिला. "बाईमाणसाच्या हातात लय बारकाई हाय, घाबरू नगा," असं गिऱ्हाइकांना सांगितलं.

लोकांना ते पटलं, जरा जास्तच. तिच्या दारात मोटरींची रांग लागली आणि काकांच्या दुकानात नुसती पेपर वाचायला माणसं बसू लागली.

"काका, चेली तुमच्या म्होरं गेली की," तानाजी एकदा म्हणाला. त्याचा ऊस दोन्ही दुकानांच्या मोटरींवर वाढलेला.

काका हसले. "जाऊ दे की गड्या. शिकवली कुणी?"

भट्टी मात्र काकांकडेच होती. क्रांती तार भरून मोटर त्यांच्याकडे पाठवायची. ते मोटरीला व्हार्निश पाजून भट्टीत भाजायचे.

गेल्या एप्रिलमध्ये एकाच आठवड्यात तिने भरलेल्या तीन मोटरी जळल्या. त्यातली एक तानाजीची. "वैनी, मोटरीचा पार तवा झालाय," तो भर चौकात म्हणाला, "आता भाकरी थापा तेच्यावर." दुसऱ्या दिवशी दोघा गिऱ्हाइकांनी कामाला टाकलेल्या मोटरी परत उचलून नेल्या. आठ वर्षांत कमावलेलं नाव आठ दिवसांत जाणार, हे क्रांतीला दिसत होतं.

तिने तिन्ही मोटरी खोलल्या. तिन्हींत एकाच ठिकाणी, तारा बाहेर येतात त्या जागेच्या बरोबर समोरच्या खाचेत, कागद पात्याने सरळ चिरलेला होता. व्हार्निशने चीर बुजते, म्हणून तपासणीत काही कळत नाही. मोटर चार दिवस तापली की तार लोखंडाला टेकते आणि जळते. एवढं समजणारं माणूस तिच्याशिवाय गावात एकच होतं.

त्याच खेपेला भट्टीतून आलेली चौथी मोटर अजून तिच्याकडे होती. एकट्या राहणाऱ्या बनुबाईची; वर खडूने नाव लिहिलेलं. क्रांतीने तीच खाच मोकळी केली. तिथेही चीर होती. पण चिरेवर नव्या कागदाची पट्टी सरकवलेली होती, आणि तिची कड डावखुऱ्या हाताने दुमडलेली होती. कापून झाल्यावर कुणीतरी ते नीट बुजवलं होतं.

ती पट्टी चौकात नेऊन दाखवली असती तर तिचं नाव त्याच दुपारी परत आलं असतं, आणि काकांच्या दुकानात पेपर वाचायलाही कुणी बसलं नसतं. क्रांतीने तिघांना सांगितलं, चूक माझी, पुन्हा भरून देते. मग पत्र्याच्या एका पिंपात मोठे बल्ब बसवून व्हार्निश पाजलेल्या मोटरी त्यातच वाळवू लागली.

पाचव्या दिवशी काका रस्ता ओलांडून आले. पिंपात डोकावले.

"भट्टी हाय की माझी."

"आवं काका, तुमाला कशाला तरास."

 काकांनी हात घालून एक बल्ब खाली सरकवला. "ऊब खालनं पायजे," म्हणाले आणि गेले.

गिऱ्हाईक हळूहळू परतलं, सगळं नाही. तानाजी अजून मोटर नेताना विचारतो, "पिंपातलीच हाय न्हवं, वैनी?" ती हसून व्हय म्हणते.

"कापलं का, ते कळतंय मला," क्रांती म्हणते. "रोज समोर बसून माझी रांग बघायची, ते सोपं न्हाई. पन चौथीला त्येंचा हात मागं का फिरला? मोटर बनुबाईची व्हती म्हणून, का शेवटाला माझी माया आली म्हणून?"