अर्धी प्रदक्षिणा

जुन्या खाणींचं मोल ठरवणं हे माझं काम. पैशातलं नव्हे. जागा किती जुनी, तिच्यासारख्या आणखी किती उरल्या, तिच्यात काय शाबूत आहे, आसपासच्या माणसांना तिचं काही वाटतं का, हे बघायचं आणि ती जपावी की नाही ते सांगायचं. पुण्याहून महिनाभरासाठी आलेल्या बाबांना हे समजावताना माझी दमछाक झाली. "म्हणजे पडक्या भिंती बघायचा पगार," ते म्हणाले आणि पेपरात डोकं घातलं.

तेव्हा आयर्लंडमधल्या विकलोच्या डोंगरात शिशाची एक बंद खाण आम्ही तपासत होतो. काही फोटो पुन्हा काढायचे म्हणून एका शनिवारी मी आणि माझा सहकारी, त्याच भागातला एक पोक्त आयरिश गृहस्थ, वर निघालो. डून लेरीतल्या माझ्या फ्लॅटच्या खिडकीतून समुद्र बघून कंटाळलेले बाबाही आले. मी बजावलं, वाटेवरच थांबा, बोगद्याकडे फिरकू नका. त्यांनी मान हलवली. बाबांनी मान हलवली म्हणजे ऐकलेलं नसतं.

फोटो काढता काढता ढग खाली उतरला आणि समोरची भिंत दिसेनाशी झाली. वळून पाहिलं तर वाटेवर बाबा नव्हते. हाका मारल्या. उत्तर नाही. "गाडीत जाऊन बसले असतील. ही विल बी ग्रँड," सहकारी म्हणाला. इथे सगळंच ग्रँड, म्हणजे ठीकठाक, असतं. मला रडू यायला लागलं होतं.

बोगद्याच्या तोंडाशी त्यांचे बूट दिसले. शेजारी शेजारी, मोजे आत खोचून, नीट काढून ठेवलेले. सहकाऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. बूट काढून ठेवून माणूस कुठे जातो याबद्दल त्याच्या मनात भलतंच आलं असावं. मला मात्र ते कुठे गेले हे लगेच कळलं. आत, छताला आधार म्हणून, खाणकामगारांनी दगडाचा एक खांब न फोडता सोडला होता. झिरपत्या पाण्याने त्यावर गेरूसारखा लाल थर चढलेला. बाहेरून टॉर्च मारला की शेंदूर फासल्यासारखा तोच चमकायचा. बाबांना देव दिसला होता. आणि त्या खांबामागे खाणीत सरळ खाली उतरणारी विहीर होती. तिच्यावर कुजक्या फळ्या, फळ्यांवर चिखल, त्यामुळे ती जमीनच वाटायची. एक फळी खचली होती; तिच्या फटीतून आम्ही मागच्या खेपेला दिवा मारला होता तेव्हा तळ दिसला नव्हता.

सहकाऱ्याला तोंडाशी थांबवून मी आत शिरले. हेल्मेटवरच्या दिव्यात बाबा दिसले. अनवाणी, वरच्या खिशात मोबाइलचा दिवा पेटता ठेवून, हात जोडून, डोळे मिटून. मी श्वास सोडणार तोच त्यांनी डोळे उघडले, उजवा हात दगडावर टेकवला आणि डाव्या बाजूने चालायला सुरुवात केली. प्रदक्षिणा.

ओरडावंसं वाटलं. पण थांबा म्हटलं की दोन पावलं जास्त टाकणारा हा माणूस. धावत जाऊन धरावं तर दचकतील, हात झटकतील. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नाही.

"बाबा," मी जमेल तितक्या साध्या आवाजात म्हटलं, "शंकराचं ठाणं आहे ते. अर्धीच करायची."

ते थांबले. "मग आधी नाही का सांगायचं?" ते वैतागून म्हणाले. आणि शंकराच्या देवळात फिरतात तसेच, वळून, दगडाला आता डावा हात लावून, गेल्या वाटेने मागे आले. मी त्यांचं मनगट पकडलं ते बाहेर उजेडात येईपर्यंत सोडलं नाही.

बूट घालताना त्यांनी विचारलं, "शंकराचं ते, तुला कसं कळलं?"

"शंकरबिंकर काही नाही, बाबा. मागे विहीर आहे. आणखी एक पाऊल टाकलं असतंत तर गेला असतात."

त्यांनी बुटाची नाडी ओढून बांधली. "मग सरळ तसंच सांगायचं."

"थांबला असतात?"

त्यांनी विचार केला. खोटं बोलायची त्यांना सवय नाही.

"नसतो थांबलो," ते म्हणाले. मी तिथेच ओल्या गवतात बसले.