लिपबामचे गवंडी

आमचे सासरे, आबा, कुणाच्याही घरी गेले की पाण्याचा पेला तोंडाला लावण्याआधी तिथल्या भिंतीवरून तळहात फिरवत. पोलादपुरात जन्मभर गवंडीकाम केलेलं. भिंत खडबडीत लागली की घरमालकासमोरच विचारत, "कुनी लिंपली ही? भाकऱ्या थापल्यात काय?" मला तिथे मेल्याहून मेल्यासारखं होई.

गुडघे गेले आणि आबा घरी बसले. तेव्हा मी बचत गटासाठी लिपबाम करायला लागले होते. कुडपण गावाहून मधाच्या पोळ्याचं मेण यायचं. त्यात कोकमतेल आणि खोबरेल वितळवून बोटाएवढ्या नळ्यांत ओतायचं. ओतताना छान दिसे, पण निवलं की प्रत्येक नळीच्या मधोमध खड्डा. महाडचं प्रदर्शन तोंडावर आलेलं. गटातल्या बायका म्हणाल्या, "हे विकायला मांडलं तर आपलंच हसं होईल." मी रडकुंडीला आले.

आबा हे सगळं लांबून बघत होते. शेवटी उठले, दाराला आतून कडी घातली आणि म्हणाले, "एका दमात भरतेस म्हनून बसतंय ते. गिलाव्याला दोन हात लागतात गो. पयला भरायला, दुसरा दिसायला." नळी जरा कमी भरायची, मेण कडेनं घट्ट होऊ लागलं की वरून पुन्हा गरम धार सोडायची, आणि पुरतं निवल्यावर गरम चमच्याची पाठ अलगद फिरवायची. खड्डा गेला. वरचा भाग असा गुळगुळीत झाला की वापरायला जीव होईना.

तेव्हापासून पहिला हात माझा, दुसरा आबांचा. पण कडी लावूनच. "गवंडी आता बायकांच्या ओठांचं सामान करतो, असं सोबत्यांना कळलं तर मला तोंड दाखवायला जागा नाय. शपथ घे." मी घेतली. त्यांचे जुने जोडीदार नारायणकाका बाहेरून हाक मारत, तेव्हा आबा घाईघाईने हात धुऊन, नुकतेच झोपेतून उठल्याचं सोंग करत बाहेर जात. अंगाला मात्र मेणाचा वास यायचा.

प्रदर्शनाला पिशव्या उचलायला आबाच माझ्याबरोबर आले. एका बाईंनी नळी उघडून बराच वेळ निरखली. "घरी केलेलं वाटतच नाही. फिनिशिंग कोण करतं?"

आबा माझ्या मागेच उभे होते. ते जरासे पुढे सरकले, असं मला वाटलं. मी म्हटलं, "मीच."

दिलेला शब्द पाळला होता, तरी मान वळवून त्यांच्याकडे बघायची लाज वाटली. परतीच्या एसटीत ते खिडकीबाहेर बघत राहिले. पोलादपूर आल्यावर एवढंच म्हणाले, "बरं बोललीस. मीच सांगितलं हुतं." दुसऱ्या दिवशी कडी लावून पुन्हा कामाला बसले. तो विषय मी कधी काढला नाही.

यंदा आबा गेले. तेराव्याला त्यांचे सोबती ओटीवर बसून त्यांनी लिंपलेल्या भिंती आठवत होते. कुणाची शाळा, कुणाचं घर. मला राहवेना. म्हटलं, "आज शपथ मोडते. माझ्या लिपबामचं फिनिशिंगसुद्धा आबांचंच होतं."

कुणी हसलं नाही. नारायणकाकांनी सदऱ्याच्या खिशातून एक नळी काढून माझ्यापुढे धरली.

"ठावं हाय, गो. महाडवरनं आला त्याच सांजला आमाला एकेक देऊन गेला. म्हनला, बघा, माजं काम हाय." काकांनी नळी परत खिशात ठेवली. "आनि म्हनला, सुनंला सांगू नका. तिनं माजी लाज राखली. आता हे कळलं तर तिलाच लाज वाटंल."